चालत गेलेला बांध

दिगू,

माधवच्या कुऱ्हाडीचा दांडा तुझ्या डोक्यात बसला तेव्हा जो आवाज झाला, त्याला शब्द तूच दिला असतास. मी गणिताचा मास्तर, माझ्याकडं नुसतं 'टाक्' आहे. वाळलेल्या भोपळ्यावर कुणी बोटानं टिचकी मारावी इतका किरकोळ आवाज. मला वाटायचं, माणसाचं डोकं फुटताना काहीतरी मोठं ऐकू येत असेल. तसं काही आलं नाही. तू दोन पावलं मागं गेलास, बांधावरच्या घायपातात बसलास, काटे टोचले म्हणून ताडकन उठलास, आणि कपाळावरून ओघळणारं रक्त बोटाला लावून बघत मला विचारलंस, "व्यंक्या, ह्याला फुटलं म्हनायचं का खोक पडली?"

मी हसलो. चौदाव्या दिवशी तू गेलास, आणि ते हसणं मला अजून थुंकून टाकता आलेलं नाही.

शाळेत शोकसभा झाली. इतकी वर्षं आपण एकाच स्टाफरूममध्ये एकमेकांचा चहा पळवला, म्हणून बोलायला मलाच उभं केलं. मी उभा राहिलो आणि सवयीनं म्हणालो, "आज आपल्यामध्ये दिगंबर मास्तर उपस्थित नाहीत, त्यांचं मी शाळेच्या वतीनं स्वागत करतो." पोरं फिसकन हसली. हेडमास्तरांनी डोळे वटारले. तिथं थांबलो असतो तरी बरं झालं असतं, कारण पुढं जे बोललो ते सगळं खोटं होतं. तू शांत होतास म्हणालो, कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणालो. तू कसला शांत. तू अव्वल भांडखोर होतास, मी तुझ्याहून एक अंगुळ जास्त, आणि आपली मैत्री भांडणावरच पोसलेली होती.

नांदेडला शिकत होतो तेव्हाचं आठवतं का तुला? गोदावरीला पूर आलेला. आपण खोलीवर होतो आणि मी आपलं सहज म्हणालो, पाणी वाढून राहिलंय. तू ताटावरून उठलास. म्हणालास, "वाढतंय काय म्हनतूस? ताटात वाढतेत. नदीला पानी चढतं." मी म्हणालो, वाढतं. तू म्हणालास, चढतं. चार वेळा वाढतं-चढतं झालं आणि पाचव्या वेळी मी हातातला पितळी तांब्या तुझ्या तोंडावर फेकला. समोरचा दात अर्धा गेला. संध्याकाळपर्यंत तुझा गाल डाळिंबाएवढा झाला होता, आणि तू बोबडं बोलत मला शिकवत होतास की सूज वाढत नसते, येत असते, आणि आली तशी उतरत असते. मी तुझ्यासाठी मऊ भात करून आणला. त्यात खडा निघाला आणि उरलेला अर्धा दातही पडला. तिथून पुढं जन्मभर तू तो खोटा दात लावलास आणि कुणी विचारलं की सांगायचास, "ह्यो व्यंकटनं दिलाय."

तुझ्या त्या दोनशे पानी वहीचं मूळ तिथं आहे. वाढ हा शब्द आळशी माणसाचा, असं तुझं म्हणणं. वाढ म्हटलं की सगळं एका मापात बसतं, आणि जगात दोन गोष्टी सारख्या वाढत नसतात. पोरांना तू गृहपाठ द्यायचास की घरी जाऊन आजीला विचारा, अमकं कसं वाढतं. पोरं शब्द आणायची आणि तू ते वहीत मांडायचास. ज्वारी आधी तरारते, मग पोटरीला येते, मग निसवते, मग दाणा भरतो. वासरू अंग धरतं. लोणचं मुरतं. गवत माजतं. वाळवी चढते. जखम चिघळते. दिवस तिळातिळानं मोठा होतो. मी तुझी टिंगल करायचो. म्हणायचो, हे सगळं म्हणजे एक अधिक एक, कामून एवढी कागदं नासवतोस? तू म्हणायचास, "तुझ्या गनितात वाढ झाली की आकडा बदलतो. रानात वाढ झाली की मानूस बदलतो." मी त्याला टाळी द्यायचो आणि नीट ऐकायचो नाही.

त्या वहीत एक पान भांडणाचं होतं. कुरबूर, धुसफूस, टोमणे, तोंडातोंडी, बाचाबाची, हमरीतुमरी, धक्काबुक्की, झोंबाझोंबी, हाणामारी, डोकेफोड. एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. ते पान मला तू कौतुकानं दाखवलंस तेव्हा मी म्हणालो होतो, आमच्या घरात मधल्या सहा पायऱ्या गाळतात.

आता घायपाताचं सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण हे मी तुझ्या एकट्यासाठी लिहीत नाही. गावानं माझं एकच तोंड ऐकलंय, आता दुसरंही ऐकावं.

माधव माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वाटणीत शिवारातलं रान दोन भागांत झालं आणि मधे बांध आला. आमच्याकडं बांध कोरणं हा काही गुन्हा धरत नाहीत. नांगर धरणाऱ्याचा हात जरा सैल सुटला, एवढंच. कधी त्याचा सुटायचा, कधी माझा. असं करता करता बांध इतका बारीक झाला की त्यावरून मांजर चालताना विचार करायची. दर पेरणीला कुरबूर. शेवटी मी, गणिताचा मास्तर, अक्कल चालवली. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणालो, बांधावर घायपात लावू. काट्यात कोण नांगर घालणार? लोहा गावाकडं माझ्या साडूच्या माळावर घायपात रग्गड. तिथून दोनशे कोंब टेम्पोत घालून आणले. सुतळी ताणली, तिचं एक टोक तू धरलं होतंस. आणि तू एकटाच नको म्हणत होतास.

"जितं कुंपन हाय हे," तू म्हणालास. "जितं हाय म्हंजे वाढनार. वाढनाऱ्याला हद्द करू नको लेका. हद्द मेलेली पायजे. दगड रोव."

"दगड मानूस उपटून फेकतो," मी म्हणालो. "काट्यात हात घालून दाखव तू."

माधव माझ्या बाजूनं हसला. त्यानं नारळ आणला होता, तो दगडावर हाणला. सुमन, माधवची बायको, म्हणाली, "चला, नारळ वाढवला." तू लगेच तिथंही सुरू: "आपली भाषा लई भित्री हाय. फोडायचं अन् म्हनायचं वाढवलं." सुमननं तुझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खावा गुर्जी, गप बसून." त्या दिवशी आपण चौघं सारखेच हसलो होतो. मी तर भाषणही केलं, की आजपासून ह्या दोन घरांत बांधावरून भांडण होणार नाही. ते भाषण माधवनं मोबाईलवर घेतलं होतं. परवा पोलिसांनी त्याचा मोबाईल जप्त केला तेव्हा ते त्यात निघालं.

घायपाताचं कसं असतं, ते ज्यांनी लावलं नाही त्यांना सांगतो. त्याच्या बुडाला कोंब फुटतात, दोन्ही अंगांनी. माझ्या अंगाचे कोंब मी दर साल पेरणीच्या आधी कोयत्यानं खणून काढायचो. माधव काढायचा नाही. त्याचा सगळा जीव देवणी जातीच्या वळूत. वळूला दात किती आले, वशिंड कसं भरलं, ते तो झोपेत सांगेल; कोंबांकडं त्यानं कधी पाहिलं नाही. मग काय झालं, तर दर साल कुंपण माझ्या अंगानं छाटलं गेलं आणि त्याच्या अंगानं पसरत गेलं. कोंबांसोबत जुन्या झाडांची माझ्याकडची पानं आणि मुळंही जायची, आणि मी नांगर कुंपणाला लावून चालवायचो. दर साल विताला थोडं कमी, पण पुढं. सहाव्या वर्षापासून पहिल्या ओळीतली मोठी झाडं तुरा काढून मरायला लागली, घायपात एकदाच तुरा काढतं आणि मरतं. मेलेली खोडं मी साफ केली, जाळली, जमीन नांगरली. आता उभी होती ती सगळी त्यांची पिल्लं, माधवच्या रानात. बांध तीन हात चालत गेला होता, आणि त्याला चालवत नेणारा मी होतो.

मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं का? नाही. तिसऱ्या वर्षापासून कळत होतं. एका रात्रीत तीन हात घेतले असते तर गावानं मला चोर म्हटलं असतं. नऊ वर्षांत घेतले म्हणून मेहनती म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी हुरडा खायला तू रानात आलास. हुरड्याकडं तुझं लक्षच नव्हतं. माझ्या विहिरीपासून कुंपणापर्यंत तू पावलं टाकत गेलास आणि तिथूनच ओरडलास, "व्यंक्या, हीर सरकली का रे? लावताना एकोनतीस पावलं व्हती. आता साडेतीस भरून राहिली."

"पाय आखडले तुझे," मी म्हणालो. "वय झालं."

तू जवळ आलास. माझ्या हातातल्या कोयत्याकडं पाहिलंस. "माधवला सांग."

"घायपात वाढलं, त्याला मी काय करू?"

"वाढलं म्हनू नको. आपून कायबी न करता व्हतं, त्याला वाढनं म्हनतेत. तू तर दर साल कोयता घिऊन हजर. सरकवलं म्हन."

मी तुला आईवरून शिवी दिली. भाजलेली कणसं तुझ्या अंगावर फेकली, एक तुझ्या मानेवर चटकलं. तू मान चोळत निघून गेलास आणि दीड महिना आपण स्टाफरूममध्ये पाठीला पाठ लावून बसलो. मग तू माझा चहा प्यायलास आणि सगळं आधीसारखं झालं. तो विषय तू परत काढला नाहीस. मला वाटलं, विसरलास. तू वाट बघत होतास.

औंदा मृगात माधवनं सोयाबीन पेरलं आणि त्याची तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, भरली नाहीत. कुंपण लावलं तेव्हा अठ्ठावीस तासं बसायची, औंदा त्यानं मोजली तर पंचवीस. शेतकऱ्याला मोजणीवाला लागत नाही, दिगू. पेरणीची तिफण सांगते. तो कुऱ्हाडीचा नुसता दांडा घेऊन बांधावर आला, मागं बरंच लांब सुमन. मी त्याला येताना पाहिलं आणि तुला फोन केला. काय म्हणालो होतो ते गावाला सांगतो: "ताबडतोब ये. घायपात जिथं लावलं तिथंच हाय, एवढं एक वाक्य म्हन, बाकी कायबी बोलू नको." तू म्हणालास, "येतो."

तुझी मोटारसायकल येईपर्यंत आमचं सुरू झालं होतं.

"दादा, माझी तीन तासं कुठं गेली?"

"तुझ्या तिफनीला इचार."

"तिफन तीच हाय. बैल तेच हायती. रान कमी झालंय."

"रान काय साबन हाय का, झिजायला?"

हे मी म्हणालो. मला माझा विनोद फार आवडतो. माधवनं माझी गचांडी धरली, मी त्याच्या हाताला चावलो, खरंच चावलो, ह्या वयात. माझा सदरा फाटला, त्याच्या मनगटातून रक्त आलं. तो म्हणत होता, खांडोळी करीन. मी म्हणत होतो, तुझ्या बापाची टाप नव्हती. तेवढ्यात तू आलास. गाडी आडवी टाकून पळत आलास आणि आमच्या दोघांच्या छातीवर एकेक हात ठेवून धापा टाकत म्हणालास, "धक्काबुक्कीवर आलात. हितंच थांबा बाप्पांनो. ह्याच्या खालच्या पायऱ्या लई वाईट हायती."

आणि आम्ही थांबलो होतो. ही गोष्ट मी पोलिसांना सांगितली नव्हती. माधवनं माझी गचांडी सोडली होती. दांडा जमिनीला टेकवला होता. तो तुझ्याकडं वळून म्हणाला, अगदी लहान पोरासारखा आवाज काढून, "दिगूदादा, तुम्ही व्हता लावताना. सुतळी तुम्ही धरली व्हती. तुम्ही म्हनाल ते मी ऐकतो. हे हितंच व्हतं का?"

तू माझ्याकडं पाहिलंस.

तू तोंड उघडलंस.

मी वाकलो, पायाजवळचं ढेकूळ उचललं आणि माधवच्या तोंडावर हाणलं. ढेकळाच्या पोटात दगड होता. तो मला माहीत नव्हता असं मी स्वतःला सांगतो, पण हाताला वजन कळतंच. त्याचा ओठ दोन भागांत फाटला. एक दात मातीत पडला. रक्तानं भरलेल्या तोंडानं तो गुरासारखा ओरडला आणि दोन्ही हातांनी दांडा उचलून त्यानं माझ्या डोक्यावर घातला. माझ्या. तू मधे आलास.

पुढचं मी वर लिहिलं आहे.

उदगीरला नेलं. मोटारसायकलवरून पडला असं डॉक्टरला सांगायचं, ही अक्कलही माझीच. खरं सांगितलं असतं तर पोलीस आले असते आणि पोलिसांमागं बांधाची मोजणी आली असती. तू कबूल झालास, पण वेगळ्या कारणासाठी. गाडीत मला म्हणालास, "माधवच्या दावनीला पाच जनावरं हायती. त्याला आत बसवून चालायचं न्हाई." डॉक्टरनं टाके घातले, चिठ्ठी लिहिली: डोकं दुखलं, उलटी झाली, बोलण्यात फरक पडला तर लगेच डोक्याचा फोटो काढा. चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. चौथ्या दिवशी तू म्हणालास, डोकं जड झालंय. मी विचारलं, दुखणं वाढतंय का? तू म्हणालास, "वाढत न्हाई रे. आभाळासारखं भरून येतंय." मी म्हणालो, टेंगूळ आहे, उतरेल.

सातव्या दिवशी तुला लोणी आठवेना. "ते रे, ताकावर येतं ते, पांढरं." मी कुसुमवहिनींकडं बघून म्हणालो, नवरा म्हातारा झाला तुमचा. नवव्या दिवशी तुला माझं नाव आठवेना आणि तू त्या खोट्या दाताला बोट लावून मला खुणावलंस. तेव्हा मात्र मी उठलो. घरी आलो, खिशातली चिठ्ठी काढली, वाचली आणि परत ठेवली. काय विचार केला ते सांगतो: अजून दोन दिवस बघू. दोन दिवसांत सोयाबीन तरारून वर येईल, मग मोजणी करायला कुणी रानात पाय घालणार नाही. हा हिशेब मी केला, दिगू. तुझ्या डोक्यात थेंबाथेंबानं रक्त साचत होतं आणि मी सोयाबीन तरारायची वाट बघत होतो.

चौदाव्या सकाळी वहिनींनी हलवलं तरी तू उठला नाहीस. जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला. निम्म्या डोक्यात काळं. म्हणाला, "हे आज नाही झालेलं, रोज थोडं थोडं झालंय. आधी का नाही आणलं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मास्तर मी. मी म्हणालो, "चुलतभावानं मारलं." त्यानं विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं भलत्याचंच, परीक्षेत पोरं देतात तसं. दुपारी तू संपलास. आणि संध्याकाळी जमादारापुढं मी पहिला जबाब दिला: माधवनं बांध कोरला, जाब विचारायला गेलो तर जीव मारायच्या इराद्यानं तो आधीच दांडा घेऊन उभा होता. ढेकूळ त्यात नव्हतं. माधवला त्याच रात्री उचललं.

दुसऱ्या दिवशी तुला पेटवून आलो आणि आमच्या भावकीचं डोकं फिरलं. आण्णा, माझा थोरला भाऊ, पुढं. स्मशानातून सगळे थेट माधवच्या घरावर गेले. कडब्याची गंज पेटवली. खिडक्या फोडल्या, रांजण फोडला, देवणी वळूला काठ्यांनी झोडपलं, तो दावं तोडून रक्ताळलेल्या पाठीनं गल्लीतून पळाला. मी सगळ्यांत पुढं होतो. माझ्या हातात कोयता होता आणि मी रडत होतो आणि मला खरंच माधवच्या घरातलं कुणीतरी मारायचं होतं, कुणीही. दार आतून लावलेलं. मी दोन्ही हातांनी कोयता दारावर हाणला. तो फळीत रुतला. ओढला, निघेना. एक पाय दाराला लावून ओढला. मागं आमचे लोक ओरडत होते, मास्तर, तोडा, तोडा, आणि मी कोयत्याला वटवाघळासारखा लोंबकळत होतो. इतकी वर्षं पोरांना तरफेचं गणित शिकवलं.

आतून सुमनचा आवाज आला. फळीला तोंड लावून बोलत होती, फक्त मला ऐकू यावं इतकं.

"दादा, ओढून दमला असाल तर ऐका. ह्याच कोयत्यानं नऊ वरीस तुम्हाला कोंब खनताना मी बघितलंय. ह्यांना सांगितलं तर हे म्हनायचे, दादा कुंपन साफ करून राहिलेत, आपलंच काम करतेत. अन् त्या दिवशीचं ढेकूळबी मी बघितलं. मला मारायचं तर मारा. पन आदी जमादाराला नीट सांगा, मग या."

मी कोयता सोडला. तो अजून त्या दारात आहे.

चार दिवस लागले मला. चार दिवसांत तीनदा ठाण्याच्या दारातून चहा पिऊन परत आलो. पाचव्या दिवशी आत गेलो आणि म्हणालो, माझा जबाब चुकलाय. जमादार म्हणाला, "मास्तर, चुकलाय म्हंजे? तारीख चुकली का?" मी म्हणालो, तारीख सोडून सगळं. मग तीन तास, सुतळीपासून चिठ्ठीपर्यंत, सांगितलं. ढेकूळ सांगितलं. फोनवरचं वाक्य सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "हे तुमच्या अंगावर यील, कळतंय ना?" मी म्हणालो, "कळतंय. लिहा." त्यानं सगळं वाचून दाखवलं आणि सही घेतली. बांधाची मोजणी आता होणार आहे, अर्ज मीच दिला.

बाहेर आण्णा उभा होता. त्याला बातमी माझ्याआधी पोचलेली. भर रस्त्यात त्यानं माझ्या कानशिलात अशी लगावली की चष्मा गटारीत गेला, आणि मी तो शोधायला वाकलो तर वरून लाथ. "घराचं रान उकिरड्यावर टाकलंस," म्हणाला. त्याच्या दोन पोरांनी मला भिंतीला लावून बुकललं. मी हात उचलला नाही. मोठेपणा म्हणून नाही. चष्म्याशिवाय मला कोण कुठं आहे तेच दिसत नव्हतं.

तसाच तुझ्या घरी गेलो. सुजलेलं तोंड, फाटकी बाही. कुसुमवहिनी ओसरीवर तूर पाखडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांचे हात सुपावर चालू होते, मधे एकदा थांबले, परत चालू झाले. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना ठाऊक व्हतं? तुम्ही सरकवलं ते?"

"हाव. दोन वर्षांपासून."

"तरी आडवे आले."

"हाव."

त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग त्या म्हणाल्या, "चौदा दिवस तुम्ही रोज येत व्हता, भाऊजी. खाटंजवळ बसून च्या पीत व्हता. ऐकू जात व्हतं त्यांना तवर. एका दिवशी तरी त्यांना चुकलो म्हनून सांगायचं व्हतं."

"सांगणार होतो."

"कवा?"

त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. दार लावलं नाही, पण आत याही म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

वहिनींना मी सगळं सांगितलं, जमादाराला सांगितलं, आता गावालाही सांगून झालं. तुझ्यासाठी एकच उरलंय, आणि ते सांगायचं नाही, विचारायचं आहे. माधवनं विचारल्यावर तू माझ्याकडं पाहिलंस आणि तोंड उघडलंस. तू खरं बोलणार होतास की माझ्यासाठी खोटं? मी रोज दोन्ही वाक्यं तुझ्या आवाजात म्हणून बघतो. दोन्ही तुझीच वाटतात. खरं बोलला असतास तर मी तुला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि तू माझा चहा पळवला असतास. खोटं बोलला असतास तर तुझ्याकडं बघायची मला लाज वाटली असती, तरी तू समोर असतास. कुठलंही चाललं असतं, दिगू. मी तुला बोलूच दिलं नाही.